सहाशे सहासष्ट आणि आमचे घरमालक

बायबल वाचणारी माणसं जगात पुष्कळ असतील. पण बायबल मोजणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि त्याच्याच माडीवर मी भाड्यानं राहत होतो. अब्राहामानं लढाईवर किती माणसं नेली, किती डुकरं समुद्रात बुडाली, पौलाच्या गलबतावर किती प्रवासी होते, हे सगळं आमच्या घरमालकांना आपल्याला भाचरांची नावं असावीत तसं तोंडपाठ होतं. त्या अब्राहामाचं पुढं काय झालं, डुकरांच्या मालकानं काय केलं, गलबत किनाऱ्याला लागलं की नाही, असल्या किरकोळ बाबींत ते शिरत नसत. "गोष्ट काय, कुणीबी सांगतं," ते म्हणत. "देव आकड्यात बोलतो, भाऊसाहेब. शब्द म्हंजे नुस्तं पॅकिंग." आणि त्यांनी जन्मभर ते पॅकिंग फाडून बाजूला टाकलं आणि आतले आकडे तेवढे उचलून घेतले.

जालना जिल्हा तेव्हा नवाकोरा होता. नव्या कलेक्टर कचेरीत कारकून म्हणून माझी नेमणूक झाली आणि मी अंबड तालुक्यातल्या माझ्या गावाहून एक पत्र्याची पेटी आणि वळकटी घेऊन खोली शोधत शहरात फिरू लागलो. कुणी जात विचारे, कुणी लग्न झालंय का विचारे, कुणी मटण खाता का विचारे. स्टेशनकडच्या रस्त्यावर एका फोटो स्टुडिओच्या वरची खोली रिकामी आहे असं कळलं. स्टुडिओत एक उंच, किडकिडीत, पांढऱ्या शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेले गृहस्थ बसले होते. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "भावंडं किती?" मी म्हणालो, "आम्ही सात." ते उठले, भिंतीवरची किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "बराबर." आम्ही सहा असतो तर मी त्या रात्री स्टेशनवर झोपलो असतो, हे मला पुढं सहा महिन्यांनी कळलं. सहा हा माणसाचा आकडा, अपुरा. सात हा देवाचा. मी देवाच्या आकड्यातला भाडेकरू होतो, त्यामुळं माडीचं छत गळत असल्याची तक्रार करण्याचा मला नैतिक अधिकार उरला नव्हता.

नव्या जिल्ह्यात त्या वेळी पाच तालुके होते. ही बाब सरकारनं शासकीय सोयीसाठी ठरवली असावी असा माझा भाबडा समज. घरमालकांनी तो पहिल्याच आठवड्यात दूर केला. "पाच तालुके म्हंजे येशूनं हजारोंना वाढल्या त्या पाच भाकरी. लोकाला खाऊ घालायला देवानं जिल्हा काढलाय." मग कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "पण पाच भाकरी असल्या की दोन मासे लागतेत. दोन मासे कुठंयत?" आठ दिवस त्यांनी दोन माशांचा शोध घेतला. शेवटी माडीचा जिना चढून वर आले आणि समाधानानं म्हणाले, "सापडले. एक कलेक्टर, एक एसपी." दुसऱ्या दिवशी साहेबांपुढं फाइल ठेवताना माझी नजर एकसारखी त्यांच्या कल्ल्यांकडं जात होती.

मी त्यांना काका म्हणायचो. काका जालन्यातल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबातले. मुलगी नगरला दिलेली, घरात ते आणि काकू, दोघंच. काकूंचं नाव रिबका. माहेर शहागडचं, गोदावरीच्या काठावरचं. आवाज नदीच्या अलीकडून पलीकडच्या माणसाला हाक मारून मारून कमावलेला. काकांच्या आकड्यांकडं काकू, दुसऱ्या एखाद्या बाईनं नवऱ्याच्या तंबाखूकडं पाहावं तशा पाहत. आवडत नाही, पण निदान घरातच असतो माणूस.

काकांच्या स्टुडिओला नाव नव्हतं. पाटीवर नुसतं 'फोटो स्टुडिओ'. नाव ठरवायला बसले की कुठल्या ना कुठल्या नावाचा आकडा चुकायचा, म्हणून पाटी वीस वर्षं अपुरीच राहिली. कामात मात्र माणूस एक नंबर. चेहऱ्यावर उजेड कसा पडावा हे त्यांना जे कळायचं ते मी पुढं कुणात पाहिलं नाही. पण ग्रुप फोटो काढायचा म्हटलं की सगळं घोडं अडायचं. काका आधी माणसं मोजायचे. बारा असली तर स्वर्ग. दहा चालायची, देवाच्या आज्ञा दहा आहेत. पण अकरा बिलकुल चालायची नाहीत. यहूदानं येशूला दगा दिल्यावर बारा प्रेषितांतले अकराच उरले होते, त्यामुळं अकरा माणसांच्या फोटोत दगाफटका दडलेला असतो असं त्यांचं ठाम मत. कुणी म्हातारा म्हणाला की "अहो, आमच्यात बारावं कुणी न्हाईच," तर काका कॅमेरा सोडून रस्त्यावर जायचे आणि जो भेटेल तो बारावा म्हणून आणून उभा करायचे. बहुतेक वेळा तो मीच असायचो, कारण कचेरीतून मी त्याच वेळी परत यायचो. एकदा सरकारी कामानं भोकरदन तालुक्यात धावड्याला गेलो असता एका शेतकऱ्याच्या ओसरीवर भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोत मी मलाच पाहिलं. नवरदेवाच्या मागं, मान थोडी तिरपी, चेहऱ्यावर जवळच्या नातलगाचं गांभीर्य. मी विचारलं, "हे कोण?" यजमान म्हणाले, "ते व्हय? ते नवरीकडले कुणी तरी." इतक्यात आतून त्यांची सून म्हणाली, "आमच्याकडले न्हाईत. आम्ही तर समजून चाललो, तुमच्याकडलेच." दोघांनीही मग माझ्या तोंडाकडं निरखून पाहिलं. मी चहा अर्धा टाकून उठलो.

चर्चमध्ये काका दर रविवारी वेळेच्या आधी जात, आणि पहिल्या बाकावर बसून उपदेश नव्हे तर भिंतीवरची लाकडी पाटी ऐकत. त्या पाटीवर त्या दिवशी म्हणायच्या गीतांचे क्रमांक लावलेले असत. काका त्यांची बेरीज करून त्या आठवड्याचा देवाचा निरोप काढायचे. पेटी वाजवणाऱ्या गृहस्थांना मोजक्याच चाली येत असल्यामुळं गीतं तीच ती असायची, आणि देवही त्यामुळं पुन्हा पुन्हा तोच निरोप धाडायचा. पण काकांना त्यात देवाची चिकाटी दिसे. पाळकसाहेब तरुण होते, नुकतेच नगरकडून आलेले. त्यांनी एकदा उपदेशात पाच भाकरींची गोष्ट सांगताना 'सुमारे पाच हजार पुरुष जेवले' असं म्हटलं. उपासना सुटल्यावर काकांनी त्यांना दारातच गाठलं. "सुमारे कसं, पाळकसाहेब?" पाळकसाहेब म्हणाले, "पुस्तकात तसंच लिहिलंय, काका." काकांनी घरी येऊन पाहिलं. खरंच तसंच लिहिलं होतं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पवित्र शास्त्रात 'सुमारे'! "देवाला पक्का आकडा म्हाईत होता," रात्री ते मला म्हणाले, "लिवणाऱ्यानं आळस केला." आपल्या कचेरीतल्या अहवालांत 'सुमारे' किती वेळा येतो हे आठवून मी खाली मान घातली.

त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस मात्र लाइट गेलेल्या एका दुपारी उगवला. पेत्राच्या जाळ्यात एकशे त्रेपन्न मासे सापडले, असं योहानाच्या पुस्तकात आहे. एकशे त्रेपन्नच का? या प्रश्नानं काकांचं डोकं कित्येक वर्षं पोखरलं होतं. त्या दुपारी डार्करूमचं काम बंद, गिऱ्हाईक नाही, म्हणून ते पाटीवर खडूनं एक अधिक दोन अधिक तीन असं करत बसले, आणि सतरापर्यंत आले तेव्हा बेरीज एकशे त्रेपन्न झाली. मी कचेरीतून आलो तर काका रस्त्यात उभे. "भाऊसाहेब, सतरा! सतरापर्यंत!" असं म्हणत त्यांनी मला मिठी मारली. शेजारच्या पानवाल्याला वाटलं, मुलीला मुलगा झाला. पण माणसानं यशावर थांबावं, ते थांबले नाहीत. हीच बेरीज पुढं नेत गेले आणि छत्तीसवर आल्यावर त्यांच्या हातातला खडू गळून पडला. एक ते छत्तीसची बेरीज होते सहाशे सहासष्ट. बायबलाच्या शेवटच्या पुस्तकातल्या, प्रकटीकरणातल्या, श्वापदाचा, म्हणजे साक्षात सैतानाच्या माणसाचा आकडा.

आता हा छत्तीस इतर कुणाच्या घरात शिरला असता तर बिघडलं नसतं. पण काकांनी नुकताच नवा रंगीत फोटोंचा कॅमेरा घेतला होता. जुन्या कॅमेऱ्यात एका रोलवर बारा फोटो निघत, त्यामुळं त्याच्याशी त्यांचं भावासारखं जमायचं. नव्या कॅमेऱ्याच्या रोलवर निघत छत्तीस. त्या दिवसापासून काकांनी छत्तीसावा फोटो कधीही काढला नाही. पस्तीस झाले की रोल गुंडाळायचे. लग्नात शेवटचा फोटो नेमका पाठवणीचा असतो. आमच्या भागातल्या त्या काळच्या पुष्कळ अल्बमांत नवऱ्या मुली रडताना दिसत नाहीत. त्या हसत सासरी गेल्या, असा त्याचा अर्थ नाही. एका मुलीच्या बापानं भांडण काढलं, तेव्हा काका त्याला शांतपणे म्हणाले, "पोरीच्या संसारात श्वापद सोडू का?" त्याला वाटलं काका काही तरी वंगाळ बोलले. ते प्रकरण मिटवायला पाळकसाहेबांना यावं लागलं.

एवढ्यावर भागलं असतं तर हे व्यक्तिचित्र इथंच हसतखेळत संपलं असतं. पण एकदा चर्चमध्ये बाहेरगावचे एक पाहुणे उपदेशक आले आणि बोलण्याच्या ओघात सांगून गेले, की इब्री, म्हणजे हिब्रू, भाषेत प्रत्येक अक्षराला आकडा असतो, त्यामुळं प्रत्येक नावाची बेरीज करता येते. पाहुणे जेवून दुसऱ्या दिवशी गेले. काका त्या रात्रीपासून तापल्यासारखे झाले. "इब्रीला आकडे, ग्रीकला आकडे, आन् मराठीलाच न्हाई? देवाला मराठी येत न्हाई का?" भाषेचा असा कैवार मी आमच्या साहित्य संमेलनांतही ऐकला नाही. महिनाभर खपून त्यांनी मराठीला आकडे दिले. क म्हणजे एक, ख म्हणजे दोन, असं ज्ञपर्यंत. काना लागला की दुप्पट, वेलांटी लागली की तिप्पट, मात्रेचं आणखी काही. आणि मग त्यांनी नाव, वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव धरून साऱ्या शहराची मोजणी सुरू केली. उद्देश एकच: जालन्यात श्वापद कोण आहे ते शोधणं. आल्यागेल्याला ते आधी पूर्ण नाव विचारायचे. पासपोर्ट साइज फोटो काढायला आलेल्या पोराला वाटे, पावतीसाठी विचारताहेत. वीज मंडळाच्या इंजिनिअरकडून त्यांना फार आशा होती. त्याचा आकडा थोडक्यात हुकला तेव्हा ते खरोखर खट्टू झाले. पाण्याच्या टँकरचा ठेकेदार, नगरपालिकेतला एक सभासद, आमचे एक नायब तहसीलदार, सगळे निर्दोष सुटले. माझाही आकडा त्यांनी काढला. "साधा निघाला," असं म्हणाले, आणि मला उगीचच अपमान झाल्यासारखं वाटलं.

सगळं गाव मोजून झालं तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की घरातलं माणूस राहिलं. काकूंचं नाव त्यांनी मोजलंच नव्हतं. लग्नाचा वाढदिवस जवळ आला होता. काही तरी शुभ आकडा निघेल, तो एका सुंदर फोटोखाली लिहून भेट देऊ, असा त्यांचा बेत. त्या संध्याकाळी ते पाटी घेऊन माझ्या खोलीत आले. चेहरा पांढराफटक. "भाऊसाहेब, तुम्ही सरकारी माणूस. तुमची बेरीज चुकत न्हाई. एकदा करून बघा." मी केली. मग खालून वर केली. काकूंचं नाव, काकांचं नाव, आडनाव. बेरीज सहाशे सहासष्ट.

मी हसलो. मला वाटलं तेही हसतील. ते हसले नाहीत. पाटी पुसली, आणि एवढंच म्हणाले, "कुणाला सांगू नका." पुढचे आठ-दहा दिवस त्या घरात जे चाललं ते पाहून माझंही हसू आटलं. काका काकूंशी बोलेनासे झाले. म्हणजे बोलत, पण पाहुण्याशी बोलावं तसं. भाकरी वाढली की आधी तिच्याकडं बघायचे, मग काकूंच्या कपाळाकडं. श्वापदाच्या माणसांच्या कपाळावर नाही तर उजव्या हातावर खूण असते, असं प्रकटीकरणात आहे. आणि काकूंच्या उजव्या मनगटावर भाजल्याचा एक जुना डाग होता. इतक्या वर्षांत त्याच्याकडं कधी न बघितलेले काका एके दिवशी जेवता जेवता विचारते झाले, "ही खूण कशाची?"

"तुमच्या आईच्या चुलीची," काकू म्हणाल्या. "लग्नाच्या पहिल्या सालातली. आज दिसली व्हय?"

दुसऱ्या दिवशी काका स्टुडिओत असताना काकू माडीवर आल्या. दारातच उभ्या राहिल्या. एरवी जिन्यातूनच ओरडून बोलणारी बाई, त्या दिवशी आवाज खाली. "भाऊ, खरं सांगा. ह्यांना काय झालंय? दवाखान्यात काही निघालंय का? माझ्यापासून दडवून राह्यलेत का?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. नवरा मरणार आहे आणि आपल्याला सांगत नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. मला ते बघवेना. मी सगळं सांगून टाकलं. श्वापद, बेरीज, डाग, सगळं. ऐकता ऐकता त्यांचे डोळे कोरडे झाले. मग त्या जिना उतरून सरळ स्टुडिओत गेल्या. मी मागोमाग. एक गिऱ्हाईक स्टुलावर हनुवटी वर करून बसलं होतं, काका काळ्या कापडाखाली.

"मला श्वापद म्हणता?" काकूंचा आवाज परत आला होता, शहागडचा, नदीपलीकडं पोचणारा. "तुमच्या आईनं काय काय म्हणलं मला, पण हे न्हाई म्हणलं!"

काका कापडाखालून बाहेर आले. केस विस्कटलेले. "मी न्हाई, आकडा म्हणतो."

"आकड्यात नावं किती धरलीत?"

"तीन."

"माझं कोणतं त्यातलं?"

काका बोटं मोजू लागले.

"माझं एक. बाकी दोन तुमची. म्हंजे श्वापदाचे दोन हिस्से तुम्ही, आन् कपाळाकडं बघता माझ्या?" एवढं बोलून त्या आत गेल्या, पिशवी भरली आणि मिळेल त्या एसटीनं शहागडला भावाकडं निघून गेल्या. स्टुलावरचं गिऱ्हाईक तेवढा वेळ हनुवटी वर करूनच बसलं होतं. त्याचा फोटो फार चांगला आला, असं काका पुढं सांगत.

काकू गेल्या आणि घर ओस पडलं. काकांना स्वयंपाकातलं फक्त अंडं उकडणं येत होतं. ते किती मिनिटं उकडावं याला बायबलात आधार नसल्यामुळं तेही धड होईना. दाढी वाढली. पांढऱ्या शर्टाची वरची गुंडी तुटली, ती तशीच राहिली. चर्चमधल्या पाटीकडं बघेनात. पाळकसाहेब घरी येऊन समजावून गेले, की प्रभूनं माणसाला नावानं हाक मारलीय, बेरजेनं नव्हे. काका ऐकून घेत आणि म्हणत, "बराबर आहे, पण सहाशे सहासष्ट ते सहाशे सहासष्टच." खोटं बोलणारा माणूस असता तर त्यानं एखादी वेलांटी इकडची तिकडं करून आकडा मोडला असता. काकांना ते सुचलंही नाही. त्यांच्या वेडाचा मला राग यायचा, आणि त्या वेडातल्या सचोटीचा आदर वाटायचा. दोन्ही एकाच वेळी, त्यामुळं मला त्यांच्याशी नीट भांडताही येत नव्हतं. शेवटी एका रविवारी मी त्यांना म्हणालो, "काका, चला. शहागडला जाऊ." ते लगेच उठले. मी विचारण्याचीच वाट पाहत असावेत.

अंबडला गाडी बराच वेळ थांबली. खिडकीबाहेर एका शाळेची भिंत होती आणि तिच्यावर मोठमोठ्या अक्षरांत वर्णमाला रंगवली होती. काका खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांना काही दिसत नव्हतं. मी आपला वेळ जावा म्हणून अक्षरं मोजत होतो. कपासून ज्ञपर्यंत आलो आणि दचकलो.

"काका, तुमच्या हिशेबात ज्ञचा आकडा किती?"

"छत्तीस," ते यांत्रिकपणे म्हणाले. आणि मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

इतकी वर्षं रोलवरचा छत्तीसावा फोटो टाळणाऱ्या माणसानं आपल्या हातानं मराठीला एक ते छत्तीस आकडे लावले, आणि त्यांची बेरीज काय होते हे त्याच्या ध्यानात येऊ नये! माणसाचं डोकं कुठं चालतं आणि कुठं थांबतं, देव जाणे. काका ओठ हलवत राहिले. गाडी सुटली. बऱ्याच वेळानं म्हणाले, "म्हंजे समदी मराठीच..." "हो," मी म्हणालो, "तुमचं बायबलही मराठीतच छापलंय." मी गाडी नदीत घातली असती तरी त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं नसतं. पण शहागड जवळ येऊ लागलं तसा त्यांचा चेहरा उजळत गेला. त्यांनी माझा गुडघा धरला. "भाऊसाहेब! अक्षरंच समदी तसली असली तर मंग तिच्या एकटीचा दोष न्हाई!"

काकूंच्या भावाचं हायवेला पंक्चर काढायचं दुकान होतं. दारात एक ट्रक जॅकवर चढवलेला, भाऊ चाकाशी झटत होता. मागं पत्र्याच्या सावलीत काकू बाजेवर बसून ज्वारी पाखडत होत्या. आम्हाला बघून सूप थांबलं नाही.

"या," त्या म्हणाल्या. "कुणाला भेटायला आल्ता? मला का श्वापदाला?"

काका उभ्याउभ्याच सांगू लागले. वर्णमाला, छत्तीस, शाळेची भिंत. इतक्या घाईनं आणि इतक्या आनंदानं सांगत होते, की मला वाटलं आता काकू हसतील आणि काम झालं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे वर्णमालेनं सोडवलं मला."

"हां! बिलकुल!"

"आन् न्हाई सोडवलं असतं तर?"

काकांना प्रश्न कळला नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी ट्रककडं पाहिलं.

"भिंतीवर ती अक्षरं नसती, भाऊंनी मोजली नसती, तर आला असता का मला न्यायला?"

हायवेवरून दोन ट्रक गेले. धूळ आली, बसली. काका तिथंच उभे. तुटलेल्या गुंडीशी त्यांची बोटं चाळा करत होती. मग खाली बघत म्हणाले, "अंबडच्या आधीच बसल्तो की गाडीत."

काकूंचं सूप पहिल्यांदा थांबलं. "का बसला?"

"घरी करमून न्हाई राह्यलं."

"किती?"

"किती काय?"

"किती करमत न्हाई? तुमचं तर समदं मोजलेलं असतंय. सांगा की आकडा."

काकांनी तोंड उघडलं. मला वाटलं आता चाळीस येणार. बायबलातला पाऊस चाळीस दिवस, रानातली भटकंती चाळीस वर्षं. दुःखाचा तो त्यांचा ठरलेला आकडा. पण त्यांनी तोंड मिटलं. डोळे भरून आले होते, आणि भर दुपारी, हायवेच्या कडेला, मेव्हण्यासमोर आणि भाडेकरूसमोर ते लपवायची त्यांना काही सोय नव्हती.

"मोजलं न्हाई," ते म्हणाले.

काकूंनी सूप खाली ठेवलं, पदरानं हात पुसले आणि भावाला हाक मारली. "दादा, वहिनीला चहा टाकायला सांग. आन् खुंटीवरची माझी पिशवी काढून दे." परतीच्या गाडीत काकांनी सवयीनं तिकीट उलटंपालटं करून त्यावरचा नंबर बघायला घेतला. काकूंनी नुसतं पाहिलं. तिकीट खिशात गेलं.

त्यानंतर काकांनी मराठी अक्षरांचं खातं कायमचं बंद केलं. शास्त्रातले मूळचे आकडे मात्र चालूच राहिले. एवढ्या वर्षांचं माणसाचं व्यसन एका एसटीच्या फेरीत सुटत नसतं. माझी बदली परतूरला झाली, मग आणखी कुठं कुठं. संसार झाला, येणं-जाणं कमी झालं. दिवाळीला कधी, नाताळाला कधी, एवढंच. दोन हजार साल उलटल्यावर मोबाइलवाले आले, फोटो ज्याचे तो काढू लागला. काकांनी स्टुडिओ भाड्यानं दिला. पुढं ऐकलं, की काचबिंदूनं त्यांची दोन्ही डोळ्यांची नजर गेली.

मी भेटायला गेलो तेव्हा संध्याकाळ होती. काका खुर्चीत ताठ बसले होते, शर्टाची वरची गुंडी लावलेली. काकूंच्या मांडीवर बायबल. आता रोज त्या वाचतात आणि ते ऐकतात, असं कळलं. काकूंची शाळा चौथीपर्यंतची. ओळीखाली बोट धरून, एकेक शब्द उचलत त्या वाचायच्या. पूर्वी काका पानं भराभर उलटून आकड्यावर झडप घालायचे. आता ते चालत नव्हतं. एका आकड्यापासून दुसऱ्या आकड्यापर्यंतचं मधलं सगळं त्यांना ऐकून घ्यावं लागत होतं.

त्या दिवशी याकोबाची गोष्ट चालली होती. राहेल मिळावी म्हणून याकोबानं तिच्या बापाकडं सात वर्षं चाकरी केली, इथवर काकू आल्या. काकांचं बोट आपसूक वर झालं. "सात," ते माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड करून म्हणाले, "म्हंजे पूर्णत्व, भाऊसाहेब. सातला..."

"पुढं ऐका की," काकू म्हणाल्या, आणि बोट पुढं सरकवत त्यांनी वाचलं, की राहेलीवर त्याचा एवढा जीव होता, की ती सगळी वर्षं त्याला थोडक्या दिवसांसारखी वाटली.

काकांचं बोट तसंच राहिलं. मग हळूहळू खाली आलं.

"परत वाच."

काकूंनी परत वाचलं.

"हे लिवलंय तिथं?"

"लिवलंय."

"आधीपासून?"

"आधीपासून," काकू म्हणाल्या. बाहेर कुणी तरी स्कूटर लावली, शेजारी दिवा लागला. काकांचा हात बाजूला चाचपत गेला आणि काकूंच्या मनगटावर येऊन थांबला.

"पुढचं वाचू का?" काकूंनी विचारलं.

"वाच," ते म्हणाले. "सावकाश वाच."